अष्टेकरांचा कण

आमच्या कॉलेजची स्मरणिका निघणार आहे. संपादक मंडळातला एक तरुण प्राध्यापक परवा घरी आला. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग त्याने विषय काढला. "बाई, डॉ. अष्टेकरांवर तुम्हीच लिहायला हवं. त्यांच्या हाताखाली काम केलेलं आता दुसरं कोणी नाही. चार-पाच पानं, जरा गौरवपर."

"पानं देईन," मी म्हटलं. "गौरवाचं तुझं तू बघ."

तो हसला. बाई थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहिणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण अष्टेकरांनी जिवंतपणी दुसऱ्या कोणाला एक वाक्य पुरं करू दिलं असतं, तर यातलं बरंचसं तेव्हाच बोलून झालं असतं. ते राहून गेलं, म्हणून आता लिहिते आहे. स्मरणिकेत छापतील असं वाटत नाही.

डॉ. त्र्यंबक अष्टेकर वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून नगरला आले ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, विलायतेतून डॉक्टरेट घेऊन. त्यांचा विषय होता वनस्पतीच्या पेशीची भिंत. प्राण्याच्या पेशीला नुसता पापुद्रा असतो. झाडाच्या पेशीला त्याबाहेर चांगली भक्कम भिंत असते, म्हणून झाड हाडांवाचून उभं राहतं. ही भिंत कशी बांधली जाते, आधी कोणते धागे पडतात, मग त्यांच्यावर आडवे कोणते, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारं ते यंत्र एक अख्खी खोली अडवून बसतं. विषय सुंदर आहे, यात वादच नाही. इतक्या सुंदर विषयाच्या नशिबी असा माणूस का यावा, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

अंगाने उंच, पुढे थोडे वाकलेले, तोंडात सदोदित लवंग. एप्रिलच्या उन्हातही तपकिरी लोकरीचा कोट. तो घामाने भिजायचा, वाळायचा, आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. बोलताना समोरच्याच्या तोंडाशी तोंड आणायची त्यांना सवय होती. शब्दाच्या आधी लवंगेचा वास पोचायचा, मग शब्द, आणि मग ते शब्द संपायचेच नाहीत. स्टाफरूममध्ये ते शिरले की निम्म्या लोकांना अचानक तास आठवायचे.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. पहिलं म्हणजे "आमच्याकडे असं नसतं." आमच्याकडे म्हणजे विलायतेत. आमच्याकडे प्रयोगशाळेत मोठ्याने हसत नाहीत, आमच्याकडे खडू असा मोडत नाही, आमच्याकडे विद्यार्थी जांभई देत नाहीत. वास्तविक गृहस्थ पारनेर तालुक्यातल्या एका वाडीचे. हे आम्हाला विभागाचा शिपाई नामदेव याच्याकडून कळलं, कारण तोही त्याच वाडीचा. अष्टेकरांनी "आमच्याकडे" म्हटलं की नामदेव टेबल पुसतापुसता अगदी साळसूदपणे विचारायचा, "आपल्याकडं म्हंजी वाडीला का, साहेब? तिथं तर परयोगशाळाच न्हाई." अष्टेकर त्याच्याकडे न बघता पुढे बोलू लागत.

दुसरं वाक्य, "डोळ्यांनी काय दिसतं हो!" आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकांना ते 'भिंग' म्हणत आणि आम्हाला 'भिंगवाले'. मी त्या भिंगांवर शेकडो पोरांना पेशी बघायला शिकवलं होतं. पहिल्यांदा कांद्याच्या पापुद्र्यात पेशी दिसल्यावर पोरं ओरडतात, ते ऐकायला मला अजून आवडलं असतं. अष्टेकर माझ्या तासाला दारातून डोकावत, नाकाने कांदे सोलल्यासारखा चेहरा करत आणि म्हणत, "चालू द्या, बाई. भिंग चालू द्या."

नगरला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता. आमच्या सोयीचा म्हणावा असा एक मुंबईच्या एका संस्थेत होता आणि बाहेरच्यांना तो वर्षाकाठी थोडे दिवस मिळे. एवढ्यावर संशोधन कसं चालणार, हा प्रश्न अष्टेकरांना पडत नसे, कारण त्यांच्याकडे फोटो होता. विलायतेत काढलेला, पेशीच्या भिंतीचा, चाळीस हजार पट मोठा केलेला. लोकांच्या बैठकीच्या खोलीत जिथे देवादिकांच्या तसबिरी असतात, तिथे त्यांनी तो चौकटीत घालून लावला होता. घरी येणाऱ्याला आधी त्याच्यासमोर उभं राहावं लागे. चहा नंतर.

एकदा आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष त्यांच्याकडे आले होते. कोपरगावकडचे ऊसवाले बागायतदार, बोलायला मोकळे. विभागातले आम्हीही होतो. अध्यक्षांनी फोटो लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्ये कुठल्या पाटाचं काम? इमानातून काढलेला दिसतोय फोटो."

"ही पेशीची भिंत आहे, साहेब."

"आसं का. म्या म्हटलं पान्याच्या चाऱ्या काढल्यात. लई सरळ काढल्यात पर."

दुसऱ्या कोणी हसून दोन वाक्यांत समजावलं असतं. अष्टेकरांनी अध्यक्षांना उभं धरलं आणि सेल्युलोजचा पहिला धागा पडतो तिथपासून सुरुवात केली. अध्यक्षांचा चहा गार झाला, दुसरा आला, तोही झाला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, आमाला भिताड कळलं, आता खाली बसू का?" मला हसू लपवायला स्वयंपाकघरात जावं लागलं. आत अष्टेकरांच्या पत्नी निवांत पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अजून दुसरा थर यायचाय. बसा तुम्ही."

इथवर माणूस नुसता कंटाळवाणा होता. कंटाळवाण्या माणसांचा मी तिरस्कार करत नाही, तसं केलं असतं तर कॉलेजात नोकरीच करता आली नसती. दुष्काळ आला तेव्हा मात्र मला त्यांची घृणा वाटू लागली.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. गावोगाव दुष्काळी कामं निघाली, माणसं खडी फोडायला गेली, दुकानांवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. शहरात नळ कोरडे पडले आणि कॉलेजात टँकरने पाणी यायला लागलं. वसतिगृहातल्या मुलींना आंघोळीला तांब्याभर पाणी मिळणंही मुश्किल झालं. अशा दिवसांत अष्टेकरांना त्यांच्या रंगद्रावणांसाठी डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. ते करायचं म्हणजे भट्टीवर पाणी उकळायचं आणि वाफ गार करायला नळीभोवती थंड पाणी सतत वाहतं ठेवायचं. एक बाटली भरायला बादल्यांमागून बादल्या गटारात जात. बाकी सगळ्या विभागांनी ते बंद केलं होतं. अष्टेकरांनी प्राचार्यांना गाठून टँकरमधली दोन पिंपं विभागासाठी बाजूला काढून घेतली.

मी त्यांना म्हटलं, "सर, पोरी आंघोळीवाचून बसल्यात आणि आपण पाणी ओतून देतोय."

"बाई, संशोधन असं नळ बघून चालत नाही. आमच्याकडे तर महायुद्धातसुद्धा—"

महायुद्ध चालू असताना हे वाडीच्या शाळेत गमभन गिरवत होते.

त्या वाहून जाणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवायचं सुचलं ते आमच्या विभागातल्या कुसुमला. नळीतून आलेलं ते पाणी कोमट असे, पण स्वच्छ असे. ती बादली भरली की उचलून वसतिगृहात नेऊन द्यायची आणि रिकामी परत आणून ठेवायची. अष्टेकरांनी हे पाहिलं, आणि विद्यार्थिनी कामाच्या वेळात भटकते म्हणून तिला सगळ्यांसमोर झापलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर पुढची बादली उचलली.

कुसुम ही अष्टेकरांची संशोधन करणारी एकुलती एक विद्यार्थिनी. कोपरगावजवळच्या गावची, वडील साखर कारखान्यात फिटर. ज्वारीच्या धाटात पेशीची भिंत वाढताना कशी जाड होत जाते, यावर ती एम.एस्सी.चा प्रबंध करत होती. फार कमी बोलायची. तास-तास वाकून धाटाचे तुकडे राळेत बसवायची, काचेच्या ताज्या धारेने त्यांचे काप काढायची. हे काप इतके पातळ, की पाण्यावर तरंगताना नुसता रंगाचा भास होतो. कोपरगावला नवं कॉलेज निघालं होतं. तिथली वनस्पतिशास्त्राची जागा तिला देऊ असं त्यांनी सांगितलं होतं, जूनपर्यंत पदवी हातात असली तर. घरून सायकलने जाता आलं असतं. प्रयोगशाळेला एक खोली मिळणार होती आणि ती रिकामी खोली ती एकदा जाऊन बघूनही आली होती. "खिडकी उत्तरेला आहे, बाई," एवढंच मला येऊन म्हणाली, पण चेहरा फुलला होता. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, भिंगाला तोच लागतो. यासाठी तिला एकच गोष्ट हवी होती, प्रबंधावर मार्गदर्शकाची सही. विद्यापीठाच्या मान्यतेचे मार्गदर्शक आमच्याकडे अष्टेकर एकटेच होते. मी नुसती एम.एस्सी., माझ्या सहीला तिथे किंमत नव्हती.

दिवाळीनंतर मुंबईच्या सूक्ष्मदर्शकाचे दिवस मिळाले. मुलगी एकटी प्राध्यापकाबरोबर कशी जाणार, म्हणून सोबतीला मला पाठवलं. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि डोळ्यांनी बरंच दिसतं.

ते यंत्र मिस कापडिया नावाच्या एक पारशी बाई सांभाळत. फिजिक्सच्या, कडक शिस्तीच्या. तिथल्या कामाची रीत अशी: काप तांब्याच्या मसुराएवढ्या जाळीवर घ्यायचा आणि ती जाळी शिसं असलेल्या रंगद्रावणाच्या थेंबावर उपडी ठेवायची. शिसं भिंतीच्या धाग्यांना धरतं आणि फोटोत धागे काळे उठून दिसतात. या शिशाला माणसाचा श्वास चालत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की शिशाचा साका धरतो आणि कापावर काळे गोल ठिपके बसतात. म्हणून ताटलीवर झाकण ठेवतात, जाळी ठेवताना ते किलकिलं करतात, तोंडाला फडकं बांधतात आणि चकार शब्द काढत नाहीत. मिस कापडियांनी आम्हाला आल्याआल्याच बजावलं, "डॉक्टर, इथे तोंड एकदम बंद ठेवायचा."

कुसुमने तोंडावर रुमाल बांधला. तिने तिच्या जाळ्या लावल्या, एक शब्द न बोलता, जवळजवळ श्वास न घेता. मग अष्टेकर म्हणाले, "हो बाजूला, मी दाखवतो." त्यांनी ताटलीचं झाकण काढून पार टेबलावर ठेवलं, थेंबांवर वाकले, आणि विलायतेत त्यांच्या गुरूंनी त्यांना हे कसं शिकवलं ते सांगू लागले. गुरूंचा स्वभाव, गुरूंच्या पत्नीचा स्वभाव, तिथली थंडी, पहिल्या रात्री मिळालेलं उकडलेलं जेवण. तोंडात लवंग, खाली उघडे थेंब. मिस कापडिया दारातून दोनदा म्हणाल्या, "डॉक्टर, प्लीज." तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, नुसते खांदे उडवले आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अष्टेकरांच्या जाळीचा फोटो धुऊन आला. भिंतीचे धागे होते, आणि त्यांवर सगळीकडे काळे, गोल, लहानमोठे ठिपके. अष्टेकरांनी फोटो उजेडात धरला. 

"कण!" ते म्हणाले. "भिंत बांधणारे कण! बाई, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही."

"घाण आहे ती, डॉक्टर," मिस कापडिया म्हणाल्या.

त्या बाहेर गेल्यावर अष्टेकर आम्हाला हळू आवाजात म्हणाले, "फिजिक्सवाली. जीवशास्त्राची नजर नाही."

कुसुमने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे काप फाटून भोक पडलं होतं. "सर, इथं तर पेशीच नाही. पण ठिपके इथंही आहेत."

अष्टेकरांनी तो कोपरा बराच वेळ निरखला. नगरला आल्यावर त्यांनी कात्री घेतली, तो कोपरा सरळ कापून टाकला आणि उरलेला फोटो चौकटीत घातला. विलायतेच्या फोटोशेजारी आता तो लागला.

पुढे जे झालं ते नगरमध्येच होऊ शकतं. एका दैनिकाने 'ज्वारीच्या धाटात अद्भुत कण' असा मथळा दिला. अध्यक्षांनी सत्कार ठेवला. अष्टेकरांना शाल-श्रीफळ मिळालं आणि त्यांनी उत्तरादाखल भाषण केलं, त्यात मांडववाल्याने दोनदा येऊन घड्याळ दाखवलं. कणाला तुमचं नाव देणार का, असं कोणी विचारलं तर ते खाली बघून म्हणत, "ते लोक ठरवतील." त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कोणाची गरजच नव्हती, शिडी ते स्वतःच बरोबर बाळगत.

ती बातमी वाचून पारनेरकडचा एक शेतकरी विभागात आला. हातात वाळून काडी झालेलं धाट. तो दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, पेपरात वाचलं. आमची जवारी कमरंएवडी बी झाली न्हाई अन आडवी पडली. तुमच्या कणानं ती उभी ऱ्हाईल का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. अष्टेकरांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि तासभर कण समजावला. तो माणूस ऐकत राहिला, मध्येमध्ये "व्हय" म्हणत राहिला. शेवटी उठून त्याने नामदेवला विचारलं, "म्हंजी न्हाई ना?" नामदेव म्हणाला, "न्हाई." त्याने धाट उचललं आणि तो गेला. अष्टेकर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, खेड्यातल्या माणसालाही केवढी जिज्ञासा आहे!" त्या क्षणी मला त्यांची इतकी किळस आली की मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

जानेवारीत कुसुमचा प्रबंध लिहून होत आला, आणि अष्टेकरांनी तिला कणावर एक प्रकरण घालायला सांगितलं. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. तिने दोन फोटो टेबलावर मांडले. एकाच धाटाचे, राळेच्या एकाच ठोकळ्यातून काढलेले लागोपाठचे काप, एक तिच्या जाळीवरचा, एक सरांच्या. तिचा फोटो लख्ख होता, एकेक धागा मोजून घ्यावा असा. सरांच्या फोटोवर ठिपक्यांचा सडा.

"बाई, त्यांच्या जाळीवर हायेत, माझ्या एकीवर बी न्हाईत," ती म्हणाली. माझ्याशी नेहमी जपून शुद्ध बोलायची, त्या दिवशी तिचं भान सुटलं होतं. "सरांना दाखवलं. म्हनले, तुझा हात अजून बसला न्हाई. तुझे फोटो काढून टाक, माझे लाव. प्रकरण न्हाई तर सही न्हाई."

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"मग सही?"

 दुसऱ्या दिवशी मी अष्टेकरांच्या खोलीत गेले आणि दार लावून त्यांना स्पष्ट सांगितलं, की तुमचा कण म्हणजे तुमचा श्वास आहे, आणि या मुलीची पदवी त्यापायी बुडेल. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं, हे त्यांच्या बाबतीत नवलच. मग हसले. "बाई, तुमचं सगळं आयुष्य भिंगावर गेलं. तुमचा दोष नाही." मी त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची एक तरी रेघ शोधत होते. मिळाली नाही. लबाड माणूस असता तर मला एवढा संताप आला नसता, लबाडाला निदान खरं काय ते माहीत असतं.

कुसुमने प्रकरण लिहिलं. जून जवळ येत होता. सही झाली.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले होते, साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. विभागातले आम्ही सगळे मागे बसलो होतो. अष्टेकरांनी नवा टाय बांधला होता. परीक्षकांनी कुसुमला ज्वारीच्या वाढीबद्दल विचारलं, थरांबद्दल विचारलं. तिने थोडक्यात आणि नीट सांगितलं. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पानं उलटली, कणाचा फोटो काढला, चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "रंग देताना कोण बोलत होतं?"

अष्टेकर हसले. "बोलत होतं म्हणजे?"

"शिशावर श्वास पडला की असे ठिपके येतात, डॉक्टर. आणि एवढे यायला नुसता श्वास पुरत नाही. भाषण लागतं."

 अष्टेकरांच्या मानेवर घाम आला. त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा फोटोकडे. आता हा माणूस काय करणार, हे बघायला मी पुढे वाकले होते. चूक झाली, एवढं म्हटलं असतं तरी मी आज ही पानं लिहिली नसती.

"काय सांगू, साहेब," ते म्हणाले, "मी या मुलीला शंभरदा बजावलं होतं. कुसुम, काम करताना बडबड करू नकोस. पण या मुली!"

दारात नामदेव चहाचा ट्रे घेऊन उभा होता. "कोन, कुसुमताई?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि कपबशा वाजल्या.

कुसुम उठून उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता. "माझ्या तोंडाला रुमाल हुता, सर. मी बोलत नव्हते. तुमी बोलत हुता."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी निकाल दिला तो असा: कणाचं प्रकरण काढून टाकावं, सगळ्या जाळ्या नव्याने रंगवून फोटो काढावेत आणि प्रबंध पुन्हा सादर करावा. म्हणजे जून गेला. कोपरगावची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली, आणि उत्तरेच्या खिडकीची ती खोलीही. पुढच्या वर्षी कुसुमला संगमनेरला नोकरी लागली, तिथे तिने जन्मभर चांगलं शिकवलं. पण त्या जूनमध्ये ती आठवडाभर माझ्या घरी राहिली होती, कारण गावी जाऊन वडिलांना काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. ते मी विसरलेले नाही, आणि अष्टेकरांना माफही केलेलं नाही.

अष्टेकरांचं काहीच झालं नाही. अशा माणसांचं होत नाही. ते निवृत्त होईपर्यंत विभागप्रमुख राहिले, कणाचा फोटो चौकटीत राहिला, आणि नव्या पाहुण्यांना ते तो दाखवत राहिले. नागपूरचे परीक्षक त्यांच्या गोष्टीत मत्सरी झाले. अष्टेकर वारले तेव्हा मी शेवटच्या दर्शनाला गेले होते, तेव्हाही तो फोटो भिंतीवर होता. पण अष्टेकर म्हटलं की मला तो तोंडी परीक्षेचा दिवस आठवत नाही. मला आठवते ती मुंबईची दुसरी खेप.

जुलै होता. नव्या जाळ्या रंगवायला आम्ही पुन्हा मिस कापडियांकडे गेलो. मार्गदर्शक म्हणून अष्टेकर बरोबर होतेच, कोटासकट. रंगवायची खोली वातानुकूलित, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. कुसुम आत गेली. तिच्या पाठोपाठ अष्टेकर निघाले, बोलत, "आता या वेळी मी सांगतो तसं—"

कुसुम दारात वळली. "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"अगं, पण मी तुझा—"

"बाहेर थांबा, सर."

तिने दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. मिस कापडिया टेबलामागे बसून काहीतरी वाचत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. काचेपलीकडे कुसुमने रुमाल बांधला, झाकण बोटभर उचललं आणि एकेक जाळी थेंबावर ठेवू लागली. त्या दिवसाच्या एकाही फोटोवर ठिपका आला नाही.

काचेअलीकडे अष्टेकर काचेला नाक टेकवून उभे होते आणि बोलत होते. चिमटा कसा धरावा, गुरू काय म्हणत, आमच्याकडे काय करत. आत काही ऐकू जात नव्हतं. काच आतल्या गारव्याने थंड होती, बाहेर मुंबईची दमट हवा, त्यामुळे त्यांच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा मोठा गोल धरला आणि कुसुम दिसेनाशी झाली. अष्टेकर थांबले. त्यांनी त्या गोलाकडे क्षणभर पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, काच पुसली आणि पुन्हा बोलायला लागले.